मुलगा दीड वर्षाचा, सिव्हिअर हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट गोठत नाही. फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन) आधीपासून द्यावा की रक्तस्राव झाल्यावरच? की त्याऐवजी एमिसिझुमॅब, फॅक्टरचं काम करणारं औषध? सासूबाई म्हणतात, काही झालं तर बघू.

आधीपासून द्या, ताई. ‘काही झालं तर बघू’ म्हणणाऱ्या घरातच मी वाढलो. माझा उजवा गुडघा आज जेमतेम वाकतो. एसटीत पाय मधल्या वाटेत लांब करूनच बसावं लागतं.

मीही सिव्हिअर ए, फॅक्टर नॉर्मलच्या एक टक्क्याच्या खाली. लहानपणी सूज दिसायच्या आधीच गुडघा आतून शिवशिवायचा. मी सांगायचो, ‘येतंय.’ आई बर्फ लावायची आणि काका म्हणायचे, सकाळपर्यंत बघू, एवढं महागाचं इंजेक्शन उगाच कशाला. सकाळी गुडघा टम्म, गरम, कातडी ताणून चकचकीत झालेली, चादरीचा स्पर्शही सोसायचा नाही. मग जिल्ह्याच्या गावी पळापळ. तिथे फॅक्टर शिल्लक असला तर फॅक्टर, नाहीतर क्रायो, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेला फॅक्टरयुक्त घटक. सूज उतरली की घरचे म्हणायचे, बरा झाला. पण सांध्यात सांडलेल्या रक्तातलं लोह आतल्या अस्तरात मुरतं, अस्तर सुजून जाड होतं आणि त्याच सांध्यात पुन्हा पुन्हा ब्लीड येतं. शेवटी कूर्चा झिजते. माझी दहावीपर्यंत संपलीच होती.

पुढे बहीण या आजाराची वाहक निघाली आणि भाच्यालाही तेच निदान झालं. तिचे सासरे म्हणाले, ‘धडधाकट पोराला सुया कशाला टोचता?’ मी तिथेच पँट वर करून त्यांना माझे दोन्ही गुडघे दाखवले. भाच्याचा फॅक्टर तेव्हापासून नियमित सुरू आहे. बहीण घरीच लावते: पावडरीत पाणी सोडलं की बाटली हलवायची नाही, फेस होऊ न देता तळव्यांत हलकेच फिरवायची, मग बटरफ्लाय सुईनं शिरेत. पोरगा आता शाळेतून सायकलनं येतो. त्याच्या वयात मला आई कडेवर घेऊन जायची.

हे काही नवं शास्त्र नाही. स्वीडनमध्ये माल्मोला इंगा मारी निल्सन यांनी १९५८ मध्येच नियमित फॅक्टर द्यायला सुरुवात केली. ज्यांचा फॅक्टर मुळात १ ते ५ टक्के असतो त्यांचे सांधे सहसा वाचतात, तेव्हा सिव्हिअर मुलालाही एक टक्क्याच्या वर ठेवायचं, एवढा साधा विचार. हिमोफिलिया ए मध्ये कमी असतो तो फॅक्टर आठ, आणि तो साधारण १२ तासांत निम्मा होतो, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा. अमेरिकेतला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, अडीच वर्षांच्या आतल्या मुलांचा. सहा वर्षांपर्यंत नियमित फॅक्टर घेणाऱ्यांपैकी ९३ टक्के मुलांचे सांधे एमआरआयमध्ये शाबूत होते, ब्लीड आल्यावर घेणाऱ्यांपैकी ५५ टक्केच. आणि या दुसऱ्या गटालाही प्रत्येक ब्लीडला भरपूर डोस मिळत होता. काकांसारख्यांनी हे आकडे वाचावेत.

एमिसिझुमॅब त्वचेखाली देतात, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला. दीड वर्षाच्या बाळाची शीर शोधण्याचा छळ वाचतो, इन्हिबिटर (दिलेला फॅक्टर निकामी करणारी अँटिबॉडी) असला तरी चालतं. मिळत असेल तर मी तेच निवडीन. पण ते तुमच्या केंद्रात सलग मिळेल का, हे आधी विचारा.

सासरचे ‘तुमच्या माहेरून आलं’ म्हणत असतील तर सांगा, जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. माझ्या बहिणीला हे वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं. आजार कुणाकडूनही आलेला असो, डोस चुकवायचं ते कारण नाही.

हो, काही गोष्टी राहिल्या. फॅक्टर सुरू केलात तर पहिल्या पन्नासेक डोसांत इन्हिबिटरची तपासणी करत राहा. सिव्हिअर ए मध्ये साधारण ३० टक्के मुलांत तो तयार होतो. एमिसिझुमॅब चालू असतानाही मोठा मार लागला तर फॅक्टर लागतोच. इन्हिबिटर असेल तर एमिसिझुमॅबच्या जोडीला फीबा (इन्हिबिटर असताना रक्तस्राव थांबवायला देतात ते औषध) आपल्या मनानं कधीच नको, गुठळ्यांचा धोका असतो. एमिसिझुमॅब चालू असताना एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारा रिपोर्ट) नॉर्मल दिसतो, तो खरा धरू नका. रिपोर्ट पाहणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला औषधाचं नाव आधी सांगा. आणि तापाला पॅरासिटामॉलच, ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नाही.