खुडूक कोंबडीसाठी उघड्यावरचे घरटे

प्रश्न : आमची एक कोंबडी चार दिवसांपासून खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसून असते आणि जवळ गेल्यास चोच मारते. तिला अंड्यांवर बसवावे आणि ती अंडी कशी उबवते हे मुलांना जवळून पाहता यावे, यासाठी बाहेर मोकळ्या जागेत घरटे कसे बांधावे? आमच्या डोकावण्याने ती अंडी सोडून तर जाणार नाही ना?

उत्तर : आपण दिलेली लक्षणे खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीचीच आहेत. अशी कोंबडी माणसाच्या नुसत्या पाहण्याने सहसा उठत नाही. तिला बिथरवतो तो वरून अचानक आलेला हात आणि तिच्या वाटेत उभा राहिलेला माणूस. म्हणून तिचे दार एका बाजूला आणि आपली खिडकी दुसऱ्या बाजूला, एवढे आधी ठरवावे आणि मगच करवत हाती घ्यावी.

सुमारे 40 सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच अशी लाकडी पेटी पुरते. तळाशी किंचित ओलसर मातीचा चार बोटे थर देऊन मधोमध बशीसारखा उथळ खळगा करावा व त्यावर वाळलेले गवत अंथरावे. खळगा खोल झाला तर अंडी एकमेकांवर चढून फुटतात आणि तळ सपाट राहिला तर कडेची अंडी घरंगळून गार पडतात, त्यामुळे सगळ्या बांधकामात या खळग्यावरच अधिक वेळ द्यावा. छप्पर उतरते असावे आणि पेटी विटांवर ठेवावी. पुढे दाणापाण्यासाठी लहानसे आवार करून त्याला सर्व बाजूंनी, वरूनसुद्धा, अर्ध्या इंचाची जाड जाळी लावावी. षट्कोनी भोकांची नेहमीची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदरांना अडवत नाही.

खिडकी तळहाताएवढी, बसलेल्या कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर असावी आणि तिच्यावर बाहेरून गडद कापडाचा पडदा सोडावा. आम्ही पहिल्या खेपेला काच उन्हाच्या बाजूला बसवली होती. दुपारी पडदा सारला तेव्हा कोंबडी चोच उघडी टाकून धापा टाकत होती, तरी जागची हललेली नव्हती! तेव्हापासून आम्ही खिडकी दिवसभर सावलीत राहणाऱ्या बाजूलाच ठेवतो.

कोंबडीला अंधार पडल्यावर हलवावे आणि प्रथम खोट्या अंड्यांवर बसवावे. दोन दिवस ती स्थिर राहिली, तर रात्रीच खोटी अंडी काढून तिच्या अंगाखाली मावतील तेवढीच, साधारण 8 ते 10, ताजी फलित अंडी एकाच वेळी ठेवावीत.

पुढचे 21 दिवस पाहण्यासारखे पुष्कळ असते. ती अंड्याखाली चोच घालून ते छातीकडे ओढते व त्याच ओघात फिरवते. कडेची अंडी अशी मध्ये येतात. दिवसातून एकदा, बहुधा 15 ते 20 मिनिटे, ती खाण्यापिण्यासाठी उठते आणि त्या वेळी मोठी, अतिशय दुर्गंधी विष्ठा टाकते. तो आजार समजू नये. खळगा व अंडी नीट पाहण्याची हीच वेळ असते, मात्र मुलांनी तेव्हाही पडद्यामागूनच पाहावे. आवारात कोरडी माती किंवा राख ठेवल्यास ती धुळीत अंग घोळून घेते आणि उवा-गोचिडांचा त्रास कमी होतो.

अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावू नये. शेवटच्या एक-दोन दिवसांत कवचाच्या आतून बारीक चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी खालच्या आवाजात तिला उत्तर देते. त्या वेळी खिडकीला डोळ्याऐवजी कान लावावा. पिल्लांच्या पोटात बलकाचा साठा असल्याने पहिला दिवसभर ती दाण्यावाचून राहू शकतात, म्हणून ती बाहेर काढण्याची घाई करू नये. आवारातले पाण्याचे भांडे मात्र उथळ ठेवावे आणि त्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले त्यात बुडतात.