मराठी माणसाला रशियन व्याकरण कितपत जड जातं?
लोक सहा विभक्त्यांचा उगाच बाऊ करतात. त्या सवयीने बसतात. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, उलट रशियनमध्ये बहुतेक नामांचं लिंग शेवटच्या अक्षरावरूनच कळतं. भूतकाळी क्रियापद कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं, 'तो गेला, ती गेली'सारखंच.

खरी दमछाक क्रियापदांच्या जोड्यांपाशी होते. 'पिसात्य' म्हणजे लिहीत असणं, 'नापिसात्य' म्हणजे लिहून पूर्ण करणं. अशा जोड्या पहिल्यापासून एकत्रच पाठ करा. आघातही, म्हणजे शब्दातल्या कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा तेही, शब्दासोबतच लक्षात ठेवा, कारण वर्तमानपत्रं-कादंबऱ्यांत तो छापत नाहीत आणि आघात नसलेला 'ओ' मॉस्कोच्या बोलीत 'अ'कडे झुकतो.

आणि हो, रशियन शिक्षकांना हाक मारताना त्यांचं नाव अधिक वडिलांच्या नावावरून बनलेलं नाव, उदाहरणार्थ इव्हान पेत्रोविच. आडनाव लागत नाही.