सॅकचे लोंबणारे पट्टे आणि गुंता होणारा दोर : घरच्या घरी काय करता येईल

तुमच्या दोन अडचणी आहेत. नव्या सॅकच्या पट्ट्यांची टोकं चालताना लोंबतात, आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला २० मीटरचा पिळाचा नायलॉन दोर बाहेर काढला की त्याचा गुंता होतो. विकतच्या क्लिपा न घेता काही करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की येईल, आणि जवळजवळ फुकटात. फक्त एक कसोटी पाळा : जे काही बांधाल ते ओल्या, गारठलेल्या बोटांनी, मान न वळवता, एका हाताने सुटलं पाहिजे. म्हणून पट्ट्यांना निरगाठ नको आणि चिकटपट्टीही नको. निरगाठ पावसात आवळून बसते, आणि चिकटपट्टीचा गोंद पट्ट्यावर राहिला की तो बकलमधून सरकेनासा होतो.

पट्ट्यांसाठी माझी पहिली पसंती सायकलच्या जुन्या ट्यूबला. पंक्चरवाल्याकडे बाद ट्यूब पडलेल्या असतात, मागितली की देतो. साबणाने धुऊन आतली पावडर काढा आणि कात्रीने बोटाएवढ्या रुंदीच्या आडव्या रिंगा कापा. रिंग पट्ट्यात ओवून बकलजवळ नेऊन ठेवा. मग पट्ट्याच्या मोकळ्या टोकाच्या चार बोटं रुंदीच्या घड्या एकावर एक घाला आणि ती गड्डी रिंगेखाली सरकवा. सैल वाटली तर रिंगेला एक पीळ देऊन दुहेरी करा. अनेकजण घडीऐवजी सुरळी करतात. ती दिसते छान, पण सुरळीचा मधला भाग हळूहळू बाहेर सरकतो; घडी जागची हलत नाही. पट्टा आवळायचा झाला की टोक धरून ओढा, घडी सुटते आणि रिंग पट्ट्यावरच राहते, कारण टोकाला दुमडून घातलेली शिवण तिला निसटू देत नाही. तुमच्या पट्ट्याला तशी शिवण नसेल तर आधी ती घालून घ्या.

भाजी बांधायचे रबरबँड वापरू नका. उन्हात ते चिकट होतात आणि नेमके चढावर तुटतात. वेल्क्रो शिंप्याच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतं आणि घरातल्या वायरी, चार्जर यांना उत्तम. पण जुलैमधल्या सह्याद्रीत त्याच्या आकड्यांत चिखल आणि गवताचं कुसळ भरतं, मग ते धरत नाही.

हा नुसता नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही हेही सांगतो. करवीच्या दाट झुडपांतून उतरताना लोंबता पट्टा एखाद्या काठीत अडकला की तोल मागे जातो. बाइकवर सॅक बांधली असेल तर सुटं टोक चाकात किंवा चेनमध्ये जाऊ शकतं, तिथे तर ते आत खोचल्याशिवाय गाडी सुरूच करू नका.

आता दोर. पंजा आणि कोपर यांच्याभोवती दोर गुंडाळायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, आणि गुंत्याचं मूळ तिथेच आहे. त्या गुंडाळीत प्रत्येक फेऱ्याला दोरात थोडा पीळ भरतो आणि सोडताना तो सगळा एकदम बाहेर पडतो. तीन पेडांचा दोर असेल तर पेड कुठे वळलेत ते बघा. बहुतेक दोरांत ते उजवीकडे चढतात. असा दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, हातभर मोठ्या सैल वेटोळ्यांत घ्या. वेटोळं वाकडं बसायला लागलं की दाबून बसवू नका, दोर बोटांत थोडा फिरवा, ते आपोआप सरळ होतं. शेवटचा दीडेक मीटर वेटोळ्यांच्या कमरेभोवती तीन-चार वेढे देऊन आवळा, उरलेल्या दोराचा फास वेढ्यांच्या वर राहिलेल्या वेटोळ्यांच्या भोकातून काढा, तो वेटोळ्यांच्या डोक्यावरून मागे टाका आणि टोक ओढा.

याहून सोपा आणि मला जास्त आवडणारा उपाय म्हणजे तांदळाची रिकामी पिशवी. दोराचं एक टोक पिशवीच्या बंदाला बांधा आणि बाकीचा दोर वेटोळी न करता, हाताने थोडा थोडा आत कोंबत जा. वरचं टोकही बंदालाच अडकवा. काढताना ते टोक ओढलं की दोर ज्या क्रमाने आत गेला त्याच्या उलट क्रमाने, गुंत्याविना बाहेर येतो. अट एकच, मध्येच हात घालून ढवळायचं नाही.

तंबूच्या बारीक दोऱ्यांसाठी साखळी करा. दोरी दुहेरी धरून सुरगाठ मारा, तिच्या फासातून पुढचा फास काढा, त्यातून पुढचा, अगदी क्रोशाच्या साखळीसारखं. शेवटचं टोक शेवटच्या फासातून ओवा. सोडताना ते टोक बाहेर काढून ओढलं की सगळी साखळी उलगडते.

टोकं उसवू नयेत म्हणून नायलॉन किंवा पॉलिएस्टर असेल तर टोकाला चिकटपट्टी लावा, पट्टीच्या मधोमध कापा आणि मेणबत्तीवर कड वितळवा. वितळलेल्या नायलॉनला बोट लावू नका, ते कातडीला चिकटून भाजतं. सुती दोर किंवा काथ्या वितळत नाही, जळतो. त्याला मेण लावलेल्या दोऱ्याचा लांब फास दोराला समांतर ठेवून, त्यावरून टोकाच्या दिशेने घट्ट वेढे द्या. वेढ्यांची लांबी निदान दोराच्या जाडीइतकी हवी. मग वेढे दिलेल्या दोऱ्याचं टोक फासातून ओवा आणि फासाचं दुसरं टोक ओढून तो वेढ्यांच्या मध्यापर्यंत आत खेचा. उरलेले दोरे कापून टाका.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. हे रबराचे उपाय सामानासाठी आहेत. कडे चढताना माणसाचं वजन पेलणाऱ्या स्लिंगला (शिवलेल्या पट्ट्याचा फास) किंवा क्विकड्रॉला (छोट्या पट्ट्याच्या दोन टोकांना कॅराबिनर, म्हणजे उघडमिट होणाऱ्या धातूच्या कड्या) घरचं रबर लावू नका. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ओर्पिएर इथे १२ वर्षांचा एक इटालियन मुलगा चढाई करताना पडून मरण पावला. क्विकड्रॉ चुकीचे जोडले गेले होते, कॅराबिनर पट्ट्याऐवजी फक्त जागेवर धरून ठेवणाऱ्या रबरात अडकलेले होते. बाहेरून बघताना सगळं व्यवस्थित दिसतं, हाच त्यातला धोका. तुमचा हार्डवेअरचा दोरही सामान आणि ताडपत्री बांधण्यापुरताच वापरा, रॉकपॅचवर, म्हणजे खडकाच्या उभ्या चढावर, नको.

पावसाळ्यात घरी आल्यावर दोर आणि पट्टे उन्हात नाही, पंख्याखाली सुकवा. गाडीत बॅटरीजवळ ठेवू नका, तिच्यातल्या आम्लाने नायलॉन आतून खराब होतं आणि वरून कळत नाही.

कमरेचा पट्टा किती रुंद आहे तेवढं मोजून कळवा. ५० मिमीचा असेल तर सायकलची रिंग त्याला पुरणार नाही, स्कूटरची ट्यूब बघावी लागेल.