इम्युनोथेरपी सुरू असताना प्रोबायोटिक घ्यावे का?

सांगलीत वडिलांची कर्करोगावरील इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार) सुरू असताना प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणूंच्या, गोळ्या द्याव्यात का, असे आपण विचारले आहे. आतड्यातील जिवाणूंचा कर्करोगाशी संबंध आहेच: ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूच्या काही प्रकारांचे कोलिबॅक्टिन हे विष पेशींतील डीएनएला इजा करते. उपचारांबाबत सांगायचे तर, २०१८ मधील एका अभ्यासात फुफ्फुस व मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांनी इम्युनोथेरपीच्या सुमारास अँटिबायोटिक (आतड्यातील जिवाणूही मारणारे औषध) घेतले होते, त्यांना उपचारांचा लाभ कमी झाला. म्हणून साध्या सर्दीसाठी मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणू नये; डॉक्टरांनी दिलेले मात्र थांबवू नये. २०२१ मधील एका अभ्यासात इम्युनोथेरपी घेणाऱ्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णांत, तंतुमय आहार घेणाऱ्या आणि प्रोबायोटिक न घेणाऱ्यांची स्थिती सर्वांत चांगली दिसली. त्यामुळे पचत असल्यास शाळूची भाकरी, मटकी, पालेभाजी द्यावी; गोळ्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच देऊ नयेत.