अभयारण्यालगत तेल-वायूची विहीर येणार असं कळलं, तर सामान्य नागरिकाने हरकत कधी आणि कुठे घ्यायची?

जनसुनावणीची वाट पाहत बसू नका, कारण बहुधा ती होणारच नाही. १६ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने तेल-वायूच्या शोधविहिरी 'बी-२' वर्गात टाकल्या. या टप्प्यावर ना पर्यावरण परिणाम मूल्यांकन अहवाल लागतो, ना सुनावणी. दोन्ही लागतात उत्पादनाच्या वेळी. तोवर रस्ता आणि पॅड, म्हणजे विहीर खणायची सपाट केलेली जागा, तयार असतो, आणि 'एवढा खर्च झालाच आहे' हे उत्तरही.

म्हणून परिवेश या सरकारी मंजुऱ्यांच्या पोर्टलवर कंपनीचा अर्ज शोधा. त्यासोबतची केएमएल फाइल, म्हणजे जागेचा डिजिटल नकाशा, गूगल अर्थवर उघडून अंतर स्वतः मोजा. एकदा अभयारण्याच्या हद्दीपासून, एकदा इको-सेन्सिटिव्ह झोनच्या, म्हणजे अभयारण्याभोवतीच्या संवेदनशील पट्ट्याच्या, हद्दीपासून. विहीर झोनच्या आत असेल तर प्रस्ताव राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीपुढे जातो. तिथे जाणाऱ्या कागदांत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा अभिप्राय असतो, तेव्हा हरकत त्यांच्याकडे आधी द्या आणि पोच घ्या. बैठकीनंतरच्या पत्राला फारसा अर्थ उरत नाही. आसाममधल्या होल्लोंगापार गिबन अभयारण्याच्या झोनमधल्या शोधविहिरीला समितीने डिसेंबर २०२४ मध्ये शिफारस दिली, तीही गिबन या झाडांवर राहणाऱ्या वानराचा प्रश्न सगळ्यांना माहीत असताना.

हरकतीत काय लिहायचं? 'जंगल वाचवा' एवढ्याने काही होत नाही. कंपनीचा नेहमीचा मुद्दा असा: पॅड उद्यानाबाहेर आहे, विहीर तिरपी खणून जमिनीखालून आत जाईल, वर काहीच होणार नाही. आसाममधल्याच दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाखालच्या सात ठिकाणांना मे २०२० मध्ये याच धर्तीवर पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच महिन्यात, २७ मे रोजी, उद्यानाबाहेरच्या बाघजान ५ या विहिरीतून वायू उसळला. दुरुस्तीचं काम चालू होतं आणि विहिरीच्या तोंडावरचा बीओपी, म्हणजे उसळी रोखणारा झडपांचा संच, काढलेला होता. ९ जूनला आग लागली, अग्निशमन दलाचे दोन जवान गेले, विहीर बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. कंडेन्सेट, म्हणजे वायूसोबत येणारं हलकं तेल, मागुरी-मोटापुंग बील या पाणथळीच्या पाण्यात पसरलं. धोका पॅडवर असतो. विहीर खाली कुठे वळते याने तो कमी होत नाही. म्हणून नेमकं विचारा: बीओपी काढण्याआधी दुसरा अडथळा तपासून नोंदवणार का? सर्वात वाईट गळतीत तेल कोणत्या ओढ्यात, किती तासांत पोचेल? विहीर खणताना वापरलेल्या चिखलाचे खड्डे पूररेषेच्या वर आहेत का, त्यांना अस्तर आहे का?

जुन्या अटीही तपासा. दिब्रू-सैखोवाच्या त्या सात विहिरींना गुवाहाटी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्थगिती दिली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घातलेल्या जैवविविधता अभ्यासाच्या अटीवरून. अशी न पाळलेली अट भावनिक निवेदनापेक्षा कितीतरी उपयोगी, असं माझं मत.

मंजुरी निघालीच तर राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करा. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यापुढे एक दिवसही नाही. महाराष्ट्र-गोव्याचं खंडपीठ पुण्यात आहे. मात्र लवाद ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतो त्या अनुसूचीत वन्यजीव संरक्षण कायदा नाही. पर्यावरण आणि वन मंजुरीला आव्हान लवादात द्यायचं, वन्यजीव मंजुरीला उच्च न्यायालयात. हे न कळल्याने चुकीच्या दारात आठवडे जातात आणि तेवढ्यात दुसरीकडची मुदत संपते.