कपडा सुती म्हणून घेतला, पण सुती आहे का?

फाल्गुन सरत आला की कपड्यांविषयीची पत्रं वाढतात. टेरिकॉट आणि पॉलिस्टर सोडून सुतीकडे वळायचं ठरवलेल्या वाचकांची सहा पत्रं या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणून कुर्ती देतो, पण दोन तासांत ती अंगाला चिकटते. घरच्या घरी ओळखायचं कसं? (परभणी)

उत्तर : शिवणीच्या आतल्या मायेतून चार-पाच उभे धागे उपसा आणि चार-पाच आडवे. दोन्हींची वेगवेगळी वात वळा. हे वेगळं करणं महत्त्वाचं, कारण बऱ्याच कापडांत ताणा सुती आणि बाणा पॉलिस्टरचा असतो. एकच धागा तपासला तर फसगत होते. वात चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर काडी लावा.

सुती धागा झटकन पेटतो, ज्योत काढली तरी टोक धुमसत राहतं, कागद जळल्याचा वास येतो आणि करडी राख बोटांत पिठासारखी चुरते. पॉलिस्टर ज्योतीजवळ नेताच आक्रसतं, वितळतं, काळा धूर सोडतं. टोकाला काळा टणक मणी राहतो, तो नखानं फुटत नाही. (मणी गार होईपर्यंत हात लावू नका, कातडीला चिकटतो.) राखेत टणक खडे लागले तर मिश्रण समजा. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर.

या परीक्षेतून सुटतो तो रेयॉन, म्हणजे व्हिस्कोज. तो लाकडाच्या लगद्यापासून बनतो, त्यामुळे सुतासारखाच जळतो. त्याला पकडायचं पाण्यानं. एक धागा कोरडा ओढून तोडा, दुसरा भिजवून. सूत ओलं झालं की उलट मजबूत होतं, रेयॉन ओला झाला की सहज तुटतो. रेयॉन घाम चांगला शोषतो, तेव्हा उन्हाळ्यात तो वाईट नाही. फक्त पिळून धुतला की आकार सोडतो. सुताच्या भावात घेऊ नका, एवढंच.

लेबलवरचे ‘कॉटन फील’, ‘कॉटन टच’, ‘कॉटन फिनिश’ हे शब्द सोडून द्या आणि टक्केवारी वाचा. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सूत स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. तुमची कुर्ती चिकटते ती यामुळे.

प्रश्न : चांगलं हातमागाचं कापड आणून ड्रेस शिवला. तरी गरम होतं, आणि पहिल्याच धुण्यात बाह्या वर चढल्या. (लातूर)

उत्तर : ड्रेस उलटा करून अस्तर पाहा. दहापैकी आठ वेळा गोम तिथेच असते. टेलरकडे अस्तर म्हणून क्रेपचा तागा पडलेला असतो, तो पॉलिस्टरचा. वरून कितीही उंची सूत असलं तरी अंगाला लागतं ते क्रेप, मग पैसे वाया. अस्तराला मलमल किंवा कॅम्ब्रिक स्वतः आणून द्या. ब्लाउजचंही तसंच. ‘टू बाय टू’ मागितलं की सुती रुबियाच मिळेल असं नाही, त्याच नावानं पॉलिस्टरचंही येतं. वरची काडीची परीक्षा तिथेही करा.

आता आटण्याचं. मागावर धागा ताणून विणलेला असतो, पाणी लागलं की ताण सुटतो आणि कापड आखडतं. हातमागाचं आणि खादीचं कापड पाच ते दहा टक्के आटू शकतं. म्हणून अडीच मीटर लागत असेल तर पावणेतीन घ्या. कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी न पिळता निथळू द्या, सावलीत वाळवा, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा आणि मगच टेलरकडे द्या. अस्तर न भिजवता शिवलं की वरचं आटतं, आतलं नाही, किंवा उलट, आणि कडा गोळा होतात. सुती साडीला पॉलिस्टरचा फॉल लावल्यावर काठ चुण्या घेतो तोही यामुळेच. गडद रंगाचं कापड वेगळं भिजवा. मिठाच्या पाण्यानं रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण एकदा रंगवून झालेल्या कापडावर मीठ काही करत नाही.

प्रश्न : बोअरच्या पाण्यात सुती कपडे राखाडी आणि कडक होतात. पॉलिस्टरचं असं होत नव्हतं. (बीड)

उत्तर : कपड्याचा दोष नाही, पाणी जड आहे. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा चिकटा तयार होतो आणि तो सुताच्या धाग्यात अडकून बसतो. वडीचा साबण बंद करून पावडर वापरा. बादलीभर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आधी विरघळवा, पाच मिनिटांनी पावडर घाला, मग कपडे. रेशमाला आणि लोकरीला सोडा चालत नाही. शेवटच्या खंगाळ्याच्या पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर टाकला तर कडकपणा उतरतो. ब्लीचिंग पावडरच्या नादी लागू नका, सूत कुजतं.

खळ देत असाल तर पातळ द्या. घट्ट खळीनं विणीतली छिद्रं बुजतात आणि सुती घालण्याचा फायदाच जातो. पावसाळ्यासाठी ठेवणीत टाकताना तर खळ पूर्ण धुऊन काढा, कारण कसर येते ती खळीवर.

प्रश्न : आई कापूस वेचायला पॉलिस्टरची साडी नेसून जाते. सुती आणून दिली तर नको म्हणते. कसं समजवावं? (हिंगोली)

उत्तर : समजवू नका, त्यांचं म्हणणं खरं आहे. पॉलिस्टरची साडी हलकी, स्वस्त, कमी पाण्यात धुऊन निघणारी. सकाळी धुतलेली दुपारी वाळते. वाळलेल्या बोंडाच्या नखांत अडकली तरी लवकर फाटत नाही. साडी तीच राहू द्या. बदलायच्या त्या अंगाला घासणाऱ्या तीन गोष्टी : ब्लाउज, परकर आणि साडीवर घालतात तो पूर्ण बाह्यांचा शर्ट. घरातला जुना शर्ट बहुतेक टेरिकॉटचा असतो, म्हणजे दोन भाग पॉलिस्टर आणि एक भाग सूत. परकर पॉपलिनचा घ्या, सॅटिनचा नको. मांड्यांना घासून नायटा झाला असेल तर रोज दोन परकर आलटून पालटून, पूर्ण वाळलेलेच, आणि मेडिकलमधून मनानं घेतलेली ट्यूब न लावता डॉक्टरांना दाखवणं.

एक गोष्ट मात्र उलटी. फवारणीच्या वेळी सुताच्या भरवशावर राहू नका. सूत औषध शोषून अंगाशी धरून ठेवतं. वरून प्लास्टिकचा एप्रन हवाच, आणि कपडे भिजले तर काम थांबवून ते उतरवा, अंग साबणानं धुवा. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत.

प्रश्न : हातमाग आणि खादी एकच का? (नांदेड)

उत्तर : नाही. खादीत सूतही हातानं कातलेलं आणि वीणही हाताची. हातमागात वीण हाताची, सूत गिरणीचं असू शकतं. खादीसाठी ‘खादी मार्क’ पाहा, हातमागासाठी २००६ पासूनचा ‘हँडलूम मार्क’, रेशमासाठी २००४ पासूनचा ‘सिल्क मार्क’. तुमच्या गावात तर मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजाची खादी करते, खात्रीची खादी हाताळून पाहायला लांब जायला नको. (ध्वजालाही ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं पॉलिस्टर चालू लागलं, हे आम्हाला अजून पचलेलं नाही.) संभाजीनगरहून हिमरू शाल आणणार असाल तर उभा आणि नक्षीचा धागा दोन्ही विचारून घ्या, मूळ हिमरू सूत आणि रेशमाचा, बाजारातल्या बऱ्याच शालींत त्या जागी कृत्रिम धागा असतो.

प्रश्न : घरातले सगळे पॉलिस्टरचे कपडे एकदम काढून टाकावेत का? जुन्या साड्यांची वाकळ चालेल का? (जालना)

उत्तर : एकदम नको, खर्च झेपत नाही आणि गरजही नाही. आधी आतले कपडे आणि रात्रीचे, मग चादरी-उशांचे अभ्रे, मग रोजचे बाहेरचे. लग्नाकार्यातल्या चार साड्या राहू द्या की! स्वयंपाकघरातला गाऊन मात्र लवकर बदला, पॉलिस्टर पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. सूतही पेटतंच, म्हणून तो घोळदार नको, बाह्या आखूड हव्यात.

वाकळीत पॉलिस्टरच्या साड्या मधल्या थरात घाला. वरखाली जुनं सुती लुगडं किंवा धोतर लावा. नुसत्या पॉलिस्टरची केली तर थर एकमेकांवरून सरकतात, टाके वाकडे जातात आणि दोन धुण्यांत मधे गोळे होतात. म्हणून टाके घालण्याआधी चारी बाजूंनी आणि मधून वीतभर अंतरावर कच्चे दोरे घालून घ्या.