सांगाडा, विणणे आणि ‘औषध वितरण’

सोलापुरात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकासाठी त्यांनी असं लिहिलं: ‘पेशीचा सांगाडा तीन प्रकारच्या प्रथिन धाग्यांनी विणलेला असतो. कर्करोगावरील काही औषधे या सांगाड्यावर हल्ला करतात. बहुवारिकांच्या मदतीने त्यांचे वितरण केले जाते.’ मार्गदर्शकांना ‘सांगाडा’ हा शब्द मेलेला वाटतो, ते ‘पेशीपंजर’ सुचवतात. योग्य काय, असं त्या विचारतात. (बहुवारिक म्हणजे पॉलिमर, छोटे घटक जोडून झालेला लांब रेणू.)

सांगाडाच ठेवा. मराठीत तो फक्त हाडांचा नसतो. अर्धवट बांधलेल्या इमारतीचा सांगाडा असतो, गाडीचा असतो, भाषणाचा कच्चा सांगाडाही आपण तयार करतो. पंजर म्हटलं की पिंजरा आणि त्यात कोंडलेला जीव डोळ्यांपुढे येतो. पेशीतले हे धागे पेशीला कोंडत नाहीत, आतून तोलून धरतात. पण मार्गदर्शकांची शंका वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. ‘सायटोस्केलेटन’ (पेशीचा सांगाडा) या इंग्रजी शब्दाचं मूळ फ्रेंच रूप 1931 साली पॉल विंट्रबेर या गर्भशास्त्रज्ञाने वापरात आणलं, आणि त्यातल्या ‘स्केलेटन’चा ग्रीक अर्थच मुळी ‘वाळलेला’. पेशीत मात्र यातलं काही वाळलेलं नसतं. पेशी विभागत असताना तिच्या सूक्ष्मनलिका (या तीन धाग्यांपैकी एक प्रकार) मिनिटा-दोन मिनिटांत मोडतात आणि त्याच मालातून नव्या उभ्या राहतात. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पालं उभी राहतात, उठतात आणि तेच बांबू पुढच्या गावी दुसऱ्या पालाला लागतात, तसं.

म्हणून नाम बदलण्यापेक्षा क्रियापदांकडे बघा. ‘सांगाडा असतो’ असं लिहिलंत की तो मेला. ‘पेशी सांगाडा उभारते, मोडते, पुन्हा उभारते’ असं लिहिलंत की जिवंत झाला.

आता ‘विणलेला’. सोलापुरात बसून लिहिताना हा शब्द सुचणारच, आणि नेमका तोच इथे चुकतो. माझं लहानपण सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खडखडाटात गेलं. घरी आई कांड्या भरायची. तेलुगू शेजारी मागाला ‘मग्गम’ म्हणत, पलीकडचे कानडी बोलणारे ‘मग्ग’. तीन भाषांत जवळपास एकच शब्द, आणि त्यामागची कृतीही एकच: ताणा म्हणजे उभे धागे आधी पूर्ण ताणून घ्यायचे, मग धोटा बाणा म्हणजे आडवा धागा घेऊन त्यातून इकडून तिकडे धावणार. धागे एकाखालून एकावरून जाणार आणि कापड उतरेपर्यंत जागा सोडणार नाहीत. पेशीत असा ताणाही नाही आणि बाणाही नाही. अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे दुसरी छोटी प्रथिनं त्यांना बांधतात. परांचीचे बांबू काथ्याने बांधतात ना, तसे. गाठ सुटते, पुन्हा दुसरीकडे बसते. तेव्हा ‘विणलेला’ नको, ‘बांधलेला’ लिहा.

पण सुताचा दुसरा एक शब्द इथे चपखल बसतो: पीळ. अ‍ॅक्टिनच्या धाग्याचं चित्र पाहा. मण्यांचे दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले दिसतात, थेट दुपदरी सुतासारखे. जाडी सुमारे 7 नॅनोमीटर. सूक्ष्मनलिका पोकळ आणि 25 नॅनोमीटर जाड, बहुधा 13 पदर शेजारी शेजारी उभे राहून तिची भिंत होते. तिसरे, मधल्या जाडीचे तंतू 10 नॅनोमीटरच्या आसपास, दोरखंडासारखे वळलेले. सूक्ष्मनलिका ताठ, अ‍ॅक्टिन काहीसं लवचीक, मधले तंतू सगळ्यात मऊ. हे तिन्ही धागे छोटे घटक जोडून लांब होतात, म्हणून त्यांनाही बहुवारिक म्हणणं बरोबर आहे. घटक एकमेकांना धरून असतात, पण पक्क्या रासायनिक बंधाने नव्हे. म्हणूनच तर ते इतक्या सहज सुटे होतात. तुमच्या वाक्यात बहुवारिक फक्त औषधाच्या बाजूला आलंय. ते दोन्हीकडे आहे, हे एका ओळीत सांगाच. त्यातच सगळी गंमत आहे.

सूक्ष्मनलिका वाढता वाढता अचानक कोसळू लागते, आणि कधी मध्येच थांबून पुन्हा वाढते. मिचिसन आणि किर्शनर या शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये हे दाखवलं. या दोन वळणांना इंग्रजीत कॅटॅस्ट्रॉफी आणि रेस्क्यू म्हणतात. त्यांचं ‘आपत्ती’ आणि ‘बचाव’ असं भाषांतर माझ्या वाचनात आलंय, आणि ते वाचून मी हळहळलो. नलिकेला पुराचा वेढा पडलेला नाही! आपल्याकडे दोन साधी क्रियापदं हाताशी आहेत: ढासळणे आणि सावरणे. नलिका ढासळते, नलिका सावरते. याहून नेमकं काय हवं?

‘हल्ला करतात’ हेही बदला. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधं सूक्ष्मनलिका ज्या प्रथिनाची बनते त्या ट्युब्युलिनचे घटक एकमेकांना जोडू देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचंच औषध बरोबर उलटं करतं: उभ्या नलिकेला मोडूच देत नाही. दोन्हीकडे पेशीचं विभाजन अडतं, पण एक उभारणी रोखतं आणि दुसरं मोडणी. पॅक्लिटॅक्सेलला ‘हल्ला’ म्हटलं की त्याचं वेगळेपणच पुसलं जातं. ‘सांगाडा गोठवतं’ म्हणा.

राहिलं ‘वितरण’. सरकारी दवाखान्यात जिथे रांग लावून गोळ्या घेतो, त्या खिडकीवर ‘औषध वितरण’ लिहिलेलं असतं. हा अर्थ लोकांच्या मनात इतका पक्का आहे की तुमचं भित्तिपत्रक वाचणाऱ्याला ती खिडकीच आठवेल. नाम हवं असेल तर ‘औषधवहन’ घ्या. वाक्यात ‘नेमक्या जागी पोचवणे’ सगळ्यात बरं. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात मिसळून देत आले, आणि त्या द्रावकाची काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते. बहुवारिकाच्या बारीक गोळीत औषध भरलं तर ते द्रावक टाळता येतं.

त्या गोळीचं पुढे काय होतं, यासाठी तुम्ही ‘जैवविघटन होते’ असं लिहिणार असाल तर जरा थांबा. पीएलजीए नावाचं बहुवारिक शरीरातल्या पाण्याने कडीकडीने तुटत जातं आणि त्यातून लॅक्टिक आम्ल सुटतं, दह्यात असतं तेच, शिवाय ग्लायकोलिक आम्ल. आपोआप जाणारे बरेच टाकेही याच कुळातले. आपण त्यांना ‘विरघळणारे’ म्हणतो, पण ते साखरेसारखे विरघळत नाहीत. ते विरतात. वर्षानुवर्षं धुतलेली चादर उजेडात धरली की मधोमध जाळी दिसते, आणि घरातलं माणूस म्हणतं, ‘चादर विरली बघ.’ पीएलजीएची गोळी अशीच विरत जाते आणि आतलं औषध थोडं थोडं बाहेर येतं. सोलापुरात हे क्रियापद कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

तर तुमची ओळ मी अशी लिहीन: ‘पेशी तीन प्रकारच्या प्रथिन तंतूंनी आपला सांगाडा बांधते, मोडते आणि पुन्हा बांधते. कर्करोगावरची काही औषधं ही उभारणी रोखतात, तर काही उभा सांगाडा गोठवतात. हळूहळू विरणाऱ्या बहुवारिकात भरून ती नेमक्या जागी पोचवण्याचे प्रयत्न चालू आहेत.’